पंचनाम्यानंतर

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ एकटे राहत. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात ते गेले आणि गेल्याचं चौथ्या दिवशी कळलं. पोलीस आले, कुलूप तोडलं, पंचनामा झाला. पंच म्हणून माझी सही आहे. गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. हवालदारांनी कागद आवरले, 'झालं आमचं' म्हणाले आणि जिना उतरले. मी, सेक्रेटरी आणि वॉचमन दारात उभे होतो. आत जे उरलं होतं ते कोणी आवरायचं, हा प्रश्न आम्हां तिघांनाही तोवर पडला नव्हता. पोलिसांचं काम ते नाही, हे त्या क्षणी कळलं. भाचा परदेशात होता. शेवटी वॉचमननं कुठून तरी दोन माणसं आणली. सेक्रेटरींनी पैसे दिले. दुपारी दोनला आत गेलेली ती माणसं संध्याकाळी सातला बाहेर पडली. त्यांची नावं आम्ही विचारली नाहीत. चहा विचारला होता, तो त्यांनी खालीच, गेटपाशी घेतला.

हे सांगायचं कारण असं, की त्यानंतर काही आठवड्यांनी मी एक जर्मन मालिका पाहायला घेतली. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात तरुणपणी शिकलेलं जर्मन गंजू नये म्हणून मी अधूनमधून काहीबाही पाहत असतो. मालिकेचं नाव 'डेर टाटऑर्टरायनिगर'. जर्मन भाषेला शब्द जोडून मालगाडी करायची हौस आहे. 'टाट' म्हणजे कृत्य, 'ऑर्ट' म्हणजे जागा, 'रायनिगर' म्हणजे साफ करणारा. गुन्ह्याची जागा साफ करणारा. ही विनोदी मालिका आहे हे मला ठाऊक होतं. ती माझ्या तिसऱ्या मजल्यावरच सुरू होणार आहे हे ठाऊक नव्हतं.

नावातली खोच समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. जर्मनीत 'टाटऑर्ट' नावाची पोलीस मालिका १९७० च्या नोव्हेंबरपासून अखंड चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला अर्धा देश ती पाहायला बसतो म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होत नाही. वेगवेगळ्या शहरांतले वेगवेगळे तपास अधिकारी, प्रत्येक भाग सिनेमाएवढा, सुरुवातीला तीच धून आणि नेम धरलेले तेच डोळे. आपल्याकडे रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा रस्ते ओस पडत, तसला हा प्रकार, फक्त पन्नास वर्षं टिकलेला. खून, संशयित, चौकशी, कबुली. कबुलीनंतर काय, याच्याशी 'टाटऑर्ट'ला कर्तव्य नसतं. 'टाटऑर्टरायनिगर' नेमका तिथून पुढे सुरू होतो. पोलीस निघून गेलेले असतात किंवा निघण्याच्या बेतात असतात. प्रेत हललेलं असतं. पांढरा संरक्षक पोशाख, बादली, रसायनांचे डबे घेऊन एक माणूस येतो. त्याचं नाव हाइको शॉटे, पण सगळे त्याला शॉटी म्हणतात. हॅम्बुर्गचा साधा माणूस, तिथल्या फुटबॉल क्लबचा निस्सीम चाहता, फार न शिकलेला, स्वतःच्या कामाबद्दल अभिमान बाळगणारा. तो काम सुरू करतो आणि दारातून कोणीतरी आत येतं. मग अर्धा तास त्या खोलीत दोन माणसं बोलतात. बस्स. एवढीच मालिका.

पहिल्या भागाचं नाव आहे 'अगदी नेहमीची कामं'. शॉटी एका घरात डाग काढतो आहे आणि बेल वाजते. दारात देहविक्रय करणारी स्त्री. तिला ज्या गिऱ्हाइकानं बोलावलं, त्याच्याच रक्ताचे डाग शॉटी काढतो आहे, हे तिला ठाऊक नाही. मग दोघं गप्पा मारत बसतात. कामाच्या वेळा, गिऱ्हाइकांचे स्वभाव, लोक आपलं काम ऐकून कसे तोंड करतात, वगैरे. दोन प्लंबर भेटावेत तशी चर्चा. एकही चावट विनोद नाही आणि एकदाही कोणी 'बिचारी' म्हणत नाही. मी हसलो ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, आणि हसतोय याचं मलाच आश्चर्य वाटलं, कारण पडद्यावर कोणीही विनोद केलेला नव्हता.

या जातीच्या विनोदाला मराठीत नेमका शब्द नाही. 'कोरडा' म्हणतात, 'निर्विकार' म्हणतात. माझी आजी 'मख्ख चेहऱ्यानं बोलणं' म्हणायची, ते मला जास्त जवळचं वाटतं. मख्खपणाची गंमत अशी, की नटानं आपण विनोद करतोय हे स्वतःपासूनही लपवावं लागतं. शॉटीचं काम करणारा ब्यार्ने मेडेल हा नट ते अचाट करतो. तो समोरच्याचं ऐकतो. नुसतं ऐकतो म्हणजे काय, तर वाक्य डोक्यात शिरतंय, अडतंय, पुन्हा फिरून येतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तेवढा वेळ कॅमेरा त्याच्यावर थांबतो. आपल्या दूरचित्रवाणीवर एवढ्या वेळात तीनदा विजा कडाडल्या असत्या.

मालिका लिहिली मिट्सी मायर या नावानं. हे टोपणनाव. खरी लेखिका इनग्रिड लाउझुंड, मूळची नाटकाची बाई. हॅम्बुर्गच्या डॉइचेस शाउश्पीलहाउस या मोठ्या नाट्यगृहात तिनं लेखन-दिग्दर्शन केलं. ऑफिसातल्या माणसांच्या पाठीच्या कण्याचं काय होतं यावरचं तिचं नाटक बरंच गाजलेलं आहे. मेडेलही त्याच नाट्यगृहाच्या नटसंचात होता. हे कळल्यावर मालिकेचा आकार उलगडला. ही दूरचित्रवाणी नव्हेच, ही एकांकिका आहे. एक खोली, दोन पात्रं, तिसरं पात्र नुकतंच मेलेलं. नेपथ्य म्हणून एक डाग. स्पर्धांच्या एकांकिका पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तिची चाल लगेच ओळखीची वाटते. फरक इतकाच, की इथे शेवटच्या दोन मिनिटांत कोणी प्रेक्षकांकडे तोंड करून समाजाला जाब विचारत नाही.

हॅम्बुर्गच्या एनडीआर या सार्वजनिक वाहिनीला आपल्याकडे काय आलंय याचा पत्ता नसावा. २०११ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, रात्री उशिरा, फारसा गाजावाजा न करता पहिले भाग दाखवून टाकले गेले. ज्यांनी पाहिले त्यांनी इतरांना सांगितलं. पुढच्याच वर्षी जर्मन दूरचित्रवाणीतला मानाचा ग्रिमे पुरस्कार मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मिळाला. सात हंगामांत मिळून भाग झाले एकतीस. २०१८ च्या डिसेंबरात लेखिकेनं आपणहून थांबायचं ठरवलं. शेवटच्या भागाचं नावही 'एकतीस'. चालू गाडी अशी थांबवणारी माणसं दूरचित्रवाणीत किती, हे वाचकांनीच मोजावं.

दुसरा ग्रिमे ज्या भागाला मिळाला त्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नाव 'शॉटीज काम्फ', शॉटीचा लढा. हिटलरच्या पुस्तकाच्या नावावरचा श्लेष जर्मन माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शॉटीला साफ करायला मिळालेली जागा आहे नव-नाझी टोळक्याचा अड्डा. आजवर कुठल्याही घाणीला न बिचकलेला हा माणूस इथे अडतो. डाग काढणं हे काम. पण कुणाच्या भिंतीवरचा? काम कुणासाठी आहे ते पाहून करायचं का? धुण्याच्या कामात सचोटी कशाला म्हणायची? एरवी हे प्रश्न परिसंवादात विचारले जातात आणि चहाच्या सुट्टीत विरघळतात. इथे ते एका सफाई कामगाराला विचारावे लागतात, हातात बादली असताना.

मालिका आली तो काळही लक्षात घ्यावा. २०११ च्या नोव्हेंबरात, पहिला भाग लागायच्या काही आठवडे आधी, जर्मनीत एनएसयू या नव-नाझी टोळीचा उलगडा झाला. २००० ते २००७ या काळात तिनं दहा खून केले होते. नऊ जण परदेशी मुळाचे, बहुतेक तुर्की, आणि एक पोलीस शिपाई स्त्री. त्यांतला एक खून हॅम्बुर्गमधला, कुटुंबाच्या भाजीच्या दुकानात झालेला. पोलीस अनेक वर्षं तपास करत होते तो मृतांच्या नातेवाइकांचा: कुठल्या टोळीशी संबंध, कसला काळा पैसा. वर्तमानपत्रांनी या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचं नाव दिलं होतं; भाषेच्या अभ्यासकांनी तो शब्द २०११ सालचा 'अशब्द' म्हणून जाहीर केला. मालिकेचं लेखन याच्या आधीचं असणार, तेव्हा हे पाहून लाउझुंडनं पोलिसांना बाहेर काढलं असं मी म्हणत नाही. पण त्या हिवाळ्यात जर्मन प्रेक्षक ज्या मनःस्थितीत होता, त्यात रविवार रात्रीच्या हुशार पोलिसांपेक्षा पोलीस गेल्यावर उरलेल्या खोलीत राबणारा हा अडाणी माणूस त्याला अधिक विश्वासाचा वाटला असेल, तर नवल नाही.

आता समुद्रापलीकडे. २०२१ च्या सप्टेंबरात बीबीसी वनवर 'द क्लीनर' सुरू झाली. लेखक आणि प्रमुख नट ग्रेग डेव्हिस. शॉटीचा झाला पॉल विकस्टेड ऊर्फ विकी. हॅम्बुर्गचं झालं श्रॉपशर, वेल्सच्या सीमेलगतचा इंग्लंडचा ग्रामीण पट्टा. डेव्हिस तिथेच वाढलेला. हा माणूस आधी तेरा वर्षं शाळामास्तर होता आणि उंचीला सहा फूट आठ इंच आहे. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मेडेल खोलीत शिरतो तेव्हा खोली बदलत नाही. डेव्हिस शिरला की खोली लहान होते, आणि तो बोलायला लागला की वर्ग भरतो. मख्ख राहणं त्याच्या देहाला परवडत नाही. तो चिडतो, तुसडेपणा करतो, स्वतःच्याच वाक्यात अडकतो. जर्मन शॉटीला प्रश्न पडतात; इंग्रज विकीला अडचणी येतात.

पहिल्या भागात हेलेना बॉनम कार्टर आहे. तिनं साकारलेल्या शीलानं नवऱ्याला सुऱ्यानं भोसकून मारलंय आणि ती फरारी आहे. विकी तिच्याच घरातले डाग काढत असताना ती घरी परतते. विकीची चिंता काय? संध्याकाळी पबमध्ये 'करी नाइट' आहे आणि उशीर होतोय. हा खास इंग्रजी ठेवा आहे. मृत्यू समोर असताना रस्सा गार होईल याची काळजी. (आपण त्यांना दिलेल्या गोष्टींत ही एक धरायला हरकत नाही.) खून केलेली बाई आणि चहा, माफी, 'तुम्हांला त्रास तर नाही ना' या इंग्रजी सभ्यतेची कसरत डेव्हिस फार छान जमवतो.

पण दोन्ही पाहिल्यावर मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते एका सर्वनामाचं अंतर. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' आहेत. वर्गात आमच्या बाईंनी 'तू' आणि 'तुम्ही' असं सांगितलं की विषय संपला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मात्र तास घालवावा लागला. शॉटी कामगार, समोर येणारी माणसं कधी त्याच्यापेक्षा वरची, कधी खालची समजली जाणारी. त्यांच्या संभाषणात 'झी' म्हणजे अंतर ठेवून बोलणं, आणि ते मध्येच सुटून कोणी 'डू'वर आलं की ती जवळीक आहे की पायरी दाखवणं, हे क्षणात ठरवावं लागतं. निम्मा विनोद त्या क्षणात आहे. इंग्रजीत सगळेच 'यू'. मग डेव्हिसला हे अंतर दुसरीकडून आणावं लागतं: उच्चारांतून, घराच्या फर्निचरमधून, आणि मुख्य म्हणजे पाहुण्या पात्राच्या वर्गातून. पहिल्या सहा भागांची नावंच पाहा. विधवा, लेखक, शेजारी, इन्फ्लुएन्सर, उमराव घराण्यातली, आणि 'ती एक'. पात्रं येण्याआधी त्यांच्या पाट्या येतात. जर्मन मालिकेत समोरचं माणूस कोण आहे हे अर्ध्या भागापर्यंत कळत नाही आणि कळल्यावर ते तसं राहत नाही. एका भागात तर तो यंत्रमानवाशी बोलतो, एका भागात भुताशी, आणि तिथेही त्याचा स्वर तोच, नळ दुरुस्तीला आलेल्याचा.

पाहुण्या पात्रांमुळे इंग्रजी आवृत्तीत आणखी एक होतं. प्रत्येक भागात एक नावाजलेला नट येतो आणि डेव्हिसशी त्याची जुगलबंदी होते. जुगलबंदीत दोघेही गातात, ऐकत कोणीच नाही. हा माझा तक्रारवजा शेरा समजावा, पण मालिका टाकाऊ आहे असं मुळीच नाही. डेव्हिस थकून पायरीवर बसतो आणि काहीच बोलत नाही, अशा जागा येतात, तेव्हा तो मेडेलच्या जवळ जातो. आणि एवढा मोठा देह एवढा एकटा दिसू शकतो, हे जर्मन मालिकेत नाही. 'शॉटीज काम्फ'सारखा भाग मात्र पहिल्या सहांत नाही, आणि तो श्रॉपशरला नेताही आला नसता. ती भिंत जर्मनीतलीच आहे.

इंग्रजांनी जर्मनांकडून विनोद उसना घेतला, याचं त्यांच्याकडे पुष्कळांना हसू आलं असणार. जर्मनांना विनोद कळत नाही, हा इंग्रजांचा जुना लाडका विनोद. पण या दोन देशांतली ही देवघेव वाटते तशी एकतर्फी नाही. १९६३ साली याच एनडीआर वाहिनीनं हॅम्बुर्गमध्ये 'डिनर फॉर वन' हे इंग्रजी प्रहसन इंग्रज नटांकडून इंग्रजीतच करवून घेऊन चित्रित केलं. नव्वदीची म्हातारी, तिचा बटलर, आणि जेवणाच्या टेबलावर चार मेलेले पाहुणे, ज्यांच्या वाटणीची दारू बटलर पितो. जर्मनीत ते दर एकतीस डिसेंबरला दाखवतात, घरोघरी पाठ आहे. इंग्लंडमध्ये ते कित्येक दशकं कुणाला माहीतही नव्हतं. पुढे बीबीसीच्या 'द ऑफिस'वरून जर्मनीत 'श्ट्रोमबेर्ग' आली, २००४ साली. सुरुवातीला नातं कबूल न करता. बीबीसीनं कायद्याची भाषा केल्यावर श्रेयनामावलीत तसा उल्लेख आला. 'श्ट्रोमबेर्ग'च्या बऱ्याच भागांचा दिग्दर्शक आर्ने फेल्डहूझन, आणि तिच्यात ऑफिसातल्या भोळसट, सतत टोमणे खाणाऱ्या एर्नीचं काम करणारा नट ब्यार्ने मेडेल. हीच जोडी पुढे 'टाटऑर्टरायनिगर'ची. म्हणजे मख्ख चेहऱ्याचा, लांबलेल्या शांततेचा जो सराव त्यांनी इंग्रजी नमुन्यावर केला, तो कोरून, घासून, हॅम्बुर्गचा करून दहा वर्षांनी इंग्रजांना परत दिला. मेडेलनं मधल्या काळात 'मोर्ड मिट आउसझिष्ट' या मालिकेत खेडेगावातल्या एका मंद पोलिसाचंही काम केलं. वर्दीतला विनोद त्याला येत होताच. वर्दी काढल्यावर तो मोठा झाला.

खरा धंदा कसा चालतो, हेही मी थोडं शोधलं. जर्मनीत घटनास्थळ साफ करणं पोलिसांकडे नाही; जागेच्या मालकानं किंवा वारसांनी माणूस बोलवायचा आणि बिल भरायचं. आणि यात खून फार थोडे असतात. बरंचसं काम असतं ते एकटी गेलेली माणसं, उशिरा कळलेले मृत्यू, वर्षानुवर्षं सामान साठवून भरलेली घरं. जपानमध्ये तर अशा एकाकी मृत्यूला वेगळा शब्द आहे आणि सफाईला वेगळा व्यवसाय. मालिकेला नावासाठी खून लागतो. पण मला शॉटीच्या खोल्यांत पुन्हा पुन्हा जे दिसतं ते हेच, की कोणीतरी एकटं होतं आणि आता त्याच्याबद्दल बोलायला एक परका माणूस उरलाय.

मराठीत ही मालिका करता येईल का, असं एका नाटकवाल्या मित्रानं विचारलं. 'तू', 'तुम्ही' आणि वर 'आपण', म्हणजे सर्वनामांत आपण जर्मनांच्याही पुढे. एकांकिकेचे लेखक गल्लोगल्ली. पण शॉटी अभिमानानं आपलं काम सांगतो, समोरचा दचकतो आणि मग कुतूहलानं खुर्ची ओढून बसतो, यावर सगळी इमारत उभी आहे. आपल्याकडे समोरचा खुर्ची ओढणार नाही. तो आधी आडनाव विचारेल, किंवा न विचारताच ठरवून टाकेल. हातानं मैला साफ करायला लावणं बंद करणारा दुसरा कायदा आपल्याला २०१३ साली करावा लागला, कारण १९९३ चा पहिला पुरला नव्हता. असल्या देशात बादली घेऊन येणाऱ्या माणसाचं भोळेपण विनोदाला पुरत नाही. त्याच्या मागे फार मोठी रांग उभी असते. मित्र म्हणाला, मग तेच लिही ना. मी म्हटलं, ते लिहायचा अधिकार त्या दोघांपैकी कोणाला तरी आहे.

त्यावरून मी वॉचमनकडे चौकशी केली. बदली होऊन दुसरा आला होता, पण जुन्याचा नंबर मिळाला, त्याच्याकडून त्या दोघांपैकी एकाचा. तो स्टेशनजवळ भेटला. पन्नाशीचा, नीटनेटका, मला 'साहेब' म्हणत होता. मी 'दादा' म्हणायला लागल्यावर थोडा अवघडला. चार वर्षांपूर्वीचा फ्लॅट त्याला नेमका आठवत होता. खिडकी आधी उघडायची, पंखा लावायचा नाही, गादी कशी गुंडाळायची, फरशीच्या सांध्यात काय घालायचं, हे त्यानं एखाद्या कारागिरानं सांगावं तसं सांगितलं. म्हाताऱ्यांच्या टेबलावर शब्दकोडं अर्धं सोडवलेलं होतं, ते त्यानं घडी करून खणात ठेवलं होतं, फेकलं नव्हतं. आम्ही कोणीच तो खण उघडला नव्हता.

मी त्याला मालिकेबद्दल सांगितलं. जर्मनीत तुमच्याच कामावर एक मालिका आहे, फार गाजली, मग इंग्रजांनीही काढली. विनोदी आहे.

"विनोदी?" त्यानं विचारलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग थोडा विचार करून म्हणाला, "एका खोलीचे किती घेतो तो?"

मला सांगता आलं नाही.